कोणाबरोबर जायचं नाही

सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची. पोरंटोरं म्हणायची, त्यांचे आईबाप म्हणायचे, आणि ज्या शिंप्याच्या दुकानात ती उभं आयुष्य काजं-बटणं करत बसली तो शिंपी, तिच्याहून वयानं मोठा असूनही, मावशीच म्हणायचा. तेव्हा आपणही मावशीच म्हणू. काजं-बटणं करून करून तिला एक खोड लागली होती. माणूस समोर आला की ती आधी त्याच्या शर्टाची बटणं बघायची आणि मग तोंड. तोंडं फसवतात, बटणं फसवत नाहीत, असं तिचं म्हणणं. लोक हसायचे. हसोत बापडे.

मावशीला एकच मुलगी. नवरा लवकर गेला, पोरीला तिनं सुईच्या टोकावर वाढवलं असं म्हटलं तरी चालेल. पोरगी शिकली, आणि गावात पोट भरेना म्हणून मोठ्या शहरात गेली. शहर म्हणजे केवढं, तर मुलगी सांगायची की बसमध्ये डुलकी लागून जाग आली तरी शहर आपलं चालूच असतं. तिथं स्टेशनाजवळच्या एका स्वस्तातल्या लॉजवर तिला काउंटरचं काम मिळालं. ज्यांचा खिसा हलका आणि हौस दांडगी असे लोक त्या लॉजवर उतरायचे. बहुतेक जण पहिल्यांदाच शहर बघायला आलेले, डोळे बटाट्याएवढे करून. त्यांना किल्ली द्यायची आणि किल्लीबरोबर चार शब्द शहाणपणाचे द्यायचे, हे मुलीचं काम. किल्लीचे पैसे मालक घ्यायचा, शहाणपण फुकट.

"रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवा. बसल्यावर ते रिक्षावालाच ठरवतो," ती सांगायची. "रस्ता विचारायचा तर दुकानदाराला विचारा. त्याला दुकान सोडून तुमच्या मागं येता येत नाही. जिथं ड्रायव्हर लोक जेवतात तिथं जेवा. जिथं मेनूकार्डावर रंगीत चित्रं असतील तिथं चित्रं बघून बाहेर या. पैसे एका जागी ठेवू नका. आणि नकाशा उघडून भर रस्त्यात उभे राहू नका, तो नकाशा नसतो, पाटी असते पाटी. 'मला लुटा' म्हणून."

लोक हसायचे आणि ऐकायचेही. तिचा आवाज ऐकण्यासारखाच होता. मालक म्हणायचा, हिच्यामुळे आपली गिऱ्हाइकं शाबूत परत जातात आणि पुन्हा आपल्याकडेच येतात.

हे सगळं मावशीला माहीत कसं, तर मुलगी दर आठवड्याला फोनवर तिची परीक्षा घ्यायची. मावशीनं शेजारच्या बाजारगावापलीकडचं जग पाहिलं नव्हतं. कधीतरी ती शहरात येणार, आणि येणार ती एकटीच, म्हणून मुलीनं तिची तयारी करून घ्यायला सुरुवात केली. पहिल्यांदा गंमत म्हणून, मग नेमानं.

"स्टेशनात उतरलीस. पहिलं काय करायचं?"

"काही करायचं नाही. घाईवाल्यांना पुढं जाऊ द्यायचं, आपण भिंतीला पाठ लावून उभं राहायचं."

"शाब्बास. कोणी म्हणालं, बॅग घेऊ का?"

"माझी बॅग मला जड नाही."

"पहिल्यांदाच आलात का?"

"छे! दर महिन्याला येते. कंटाळा आला या शहराचा."

यावर दोघीही हसायच्या. मावशीला शाळा सोडून जमाना झाला होता, पण या परीक्षेत तिला भारी रस. दुकानात काजं करताना ती तोंडातल्या तोंडात उत्तरं घोकायची. शिंपी विचारायचा, "मावशी, कोणाशी भांडताय?"

एका प्रश्नाला मात्र ती पहिल्यांदा सपशेल नापास झाली.

"आणि कोणी येऊन म्हणालं, तुमच्या मुलीनं मला पाठवलंय, तर?"

"तर विचारीन, कशी आहे ती?"

"आई! गेलीस ना बाराच्या भावात! तो म्हणणार, ती आजारी आहे, दवाखान्यात आहे, चला लवकर. की तू निघालीस त्याच्या मागं डोळे झाकून. आमच्याकडे एक आजोबा असेच फसले. स्टेशनापासून पार उजाड जागी नेऊन सोडलं त्यांना, अंगावरच्या कपड्यांनिशी. आल्यावर लहान मुलासारखे रडत होते काउंटरवर."

"अगं बाई. मग काय म्हणायचं?"

"म्हणायचं, मला मुलगीच नाही."

"काहीतरीच काय अभद्र बोलतेस!"

"बोलायचं. मुलगीच नाही म्हटलं की त्याचं बोलणंच खुंटतं. जो पहिल्या वाक्यात नातं जोडतो त्याच्यापासून चार हात लांब राहायचं. मोबाइलमध्ये फोटो दाखवायला लागला तर बघायचं नाही. आपण फोटो बघतो तेवढ्यात त्याचा जोडीदार बॅग घेऊन पळतो. आणि मनात येईल, खरंच असेल तर? त्या शंकेवरच ते लोक पोट भरतात आई. तिला भीक घालायची नाही. मी स्वतः येईन तुला घ्यायला. कोणाही बरोबर जायचं नाही. म्हण."

मावशीची जीभ रेटेना. पण मुलगी हट्टाला पेटली की ऐकायची नाही. दहादा म्हणवून घेतलं तेव्हा कुठं फोन ठेवला. पुढं सवयीनं ते वाक्य मावशीच्या तोंडात इतकं बसलं की दातानं दोरा तोडावा तसं ती ते पटकन बोलून टाकायची.

एवढी तयारी झाली तरी बोलावणं काही येत नव्हतं. "मोठी खोली घेते, मग ये," मुलगी म्हणायची. वर्षं गेली. खोली काही मोठी होईना. मावशीनं कधी खोदून विचारलं नाही. पोरगी काहीतरी लपवते आहे, ताकास तूर लागू देत नाही, एवढं तिला कळत होतं. पण पोरगी आनंदात आहे हेही आवाजावरून कळत होतं, आणि आनंदात असलेल्या लेकीला उकरून काय विचारायचं?

मग एक दिवस फोन आला तो अवेळी. आवाज बसलेला, मध्ये मध्ये खोकला.

"आई, ताप हटत नाहीये गं जरा. तू येशील?"

"खोली मोठी घेतलीस?"

"नाही. तू तशीच ये. तुला काहीतरी सांगायचंय पण, समोर. ये ना. येच."

ते 'येच' मावशीला नवं होतं. पोरीनं लहानपणी कधी कुशीत घे म्हणून हट्ट केला नव्हता, अशी ती करारी. मावशीनं शिंप्याला सांगितलं, अर्धी राहिलेली काजं शेजारणीकडे दिली आणि मिळालं ते तिकीट काढून निघाली. तिला दुसरं काही नको होतं. शहर बघायचं नव्हतं, खोली बघायची नव्हती. फक्त एकदा पोरीच्या कपाळावर हात ठेवायचा होता. तिचा पक्का समज होता की आपला हात ठेवला की तिचा ताप उतरतो. लहानपणी उतरायचा.

गाडीत तिनं सगळे धडे पाळले. पैसे तीन ठिकाणी ठेवले, बॅगेचा पट्टा पायाला गुंडाळला, कोणी दिलेलं काही खाल्लं नाही. फोन बंद करून आत खोल ठेवला, चार्जिंग वाचतं आणि चोराच्या नजरेतही येत नाही. समोरच्या बाईनं विचारलं, "पहिल्यांदाच जाताय?" मावशी म्हणाली, "छे, दर महिन्याला." बाईनं तिच्या पायाला बांधलेल्या बॅगेकडे पाहिलं आणि पदराआड हसली.

सकाळी गाडी शहरात शिरली. मावशी उतरली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली, लोंढा जाऊ दिला आणि मग मुलीनं सांगितलेल्या मोठ्या घड्याळाखालच्या बाकावर जाऊन बसली. फोन चालू केला. लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलेना. रस्त्यात असेल, गोंगाटात ऐकू येत नसेल, असं म्हणून तिनं फोन पुन्हा आत ठेवला.

तेवढ्यात तो आला.

पंचविशी-तिशीचा, सडपातळ. डोळे रात्रभर न झोपल्यासारखे तांबडे. बोटांची टोकं सोड्याच्या पाण्यात भिजून भिजून पांढरी पडलेली, सुरकुतलेली. तो बाकावरच्या बायकांची तोंडं बघत बघत आला आणि मावशीसमोर थबकला.

"आई," तो म्हणाला, "तुम्हीच ना? चला. तिनं पाठवलंय मला."

पहिल्याच वाक्यात नातं! मावशीच्या अंगावर काटा आला, पण खरं सांगायचं तर तिला आतून जरा गुदगुल्याही झाल्या. घोकून घोकून तोंडपाठ केलेला प्रश्न नेमका परीक्षेत यावा तसं झालं होतं. ती ताठ बसली.

"मला मुलगी नाही," मावशी म्हणाली. अजिबात अडखळली नाही.

तो आ वासून बघत राहिला. "अहो, असं काय करता? ती दवाखान्यात आहे. काल संध्याकाळी ॲडमिट केलंय. तुमचा फोन बंद होता. चला लवकर, तुमचीच वाट बघतेय."

आजारी आहे, दवाखान्यात आहे, चला लवकर. शब्दाला शब्द. मावशीनं मनातल्या मनात मुलीच्या हुशारीची दृष्ट काढली.

पण बाईच ती, राहवलं नाही. "आणि समजा असती मला मुलगी," ती म्हणाली, "तर तू तिचा कोण?"

इथं तो ततपप करायला लागला. तोंड उघडलं, मिटलं. "मी... ओळखीचा. एकाच ठिकाणी कामाला आहोत आम्ही. लॉजच्या चादरी धुतो मी."

आपण कोण हे ज्याला धड सांगता येत नाही त्याच्याशी काय बोलायचं? मावशीनं मान फिरवली. त्यानं फोन लावून बघितला, तिकडं कोणी उचलला नाही. मावशीनं हूं केलं. त्यानं घाईघाईनं फोनमधला एक फोटो शोधला आणि तिच्या तोंडासमोर धरला. "हे बघा, हे बघा ना, आम्ही दोघं..." मावशीनं दोन्ही हातांनी बॅग कवटाळली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"आई, हात जोडतो. डोळे उघडा. वेळ नाहीये."

"तू जा इथून."

मग त्यानं नको ते केलं. तिच्या मनगटाला धरलं आणि तिला उठवायला गेला. मावशीनं असा काही टाहो फोडला की चहावाल्याची किटली थांबली. "चोर! चोर! धरा याला!" लोक जमले. फुकटचा तमाशा कोणाला नको असतो? एकानं त्याची कॉलर धरली, दुसऱ्यानं पाठीत गुद्दा घातला. पोलीस आला. स्टेशनात भामट्यांचा सुळसुळाट झाला होता, वरून हुकूम होते, त्याला आयताच एक सापडला. त्यानं विचारलं, "बाई, ओळखता याला?"

"जन्मात पाहिलं नाही," मावशी म्हणाली. आणि ते खरंच होतं.

त्याला ओढत नेताना तो मागं वळून ओरडत होता, "अहो, तिला एकटीला ठेवून आलोय मी! सोडा मला! एकटी आहे ती!" शेजारची एक म्हातारी म्हणाली, "काय नाटकं करतात मेले. अगदी डोळ्यांत पाणी आणतात." मावशी म्हणाली, "माझ्या लेकीनं आधीच सांगून ठेवलंय सगळं. ती ना, हेच काम करते." आणि मग, मुलगी नाही असं आत्ताच जाहीर केलंय हे आठवून, ती जराशी ओशाळली.

त्यानंतरचा बराच वेळ मावशी सुखात होती. हे सांगायला नको वाटतं, पण होती. मुलगी आली की कसं कसं सांगायचं याची ती जुळवाजुळव करत होती. डोळे मिटून घेतले तो भाग तर ती नक्कल करून दाखवणार होती. मुलगी पोट धरून हसेल, खोकला येईल, मग आपण तिच्या पाठीवरून हात फिरवू. "बघ, पैकीच्या पैकी," असं म्हणू. बरोबर आणलेला डबा तिनं उघडला नाही. दोघी मिळून खाऊ.

ऊन छपरावरून सरकत फलाटावर आलं. गाड्या आल्या, गेल्या. मावशीनं फोन लावला, पुन्हा लावला. रिंग वाजायची आणि थांबायची. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. एकदा तिच्या मनात आलंच, खरंच असेल तर? आणि लगेच तिनं स्वतःला दटावलं. याच शंकेवर ते लोक पोट भरतात. पोरीनं एवढं घोकून घेतलं ते काय असं वितळायला? ताप असेल, हळूहळू येत असेल. रिक्षाचं भाडं ठरवत असेल. मावशी बाकाची कड धरून बसून राहिली. घशाला कोरड पडली तरी पाण्यासाठी उठली नाही, कारण मुलीनं सांगितलं होतं, मी येईपर्यंत जागा सोडू नकोस.

दुपार कलली तेव्हा तो परत आला.

मावशीनं त्याला लांबूनच ओळखलं आणि ओरडायला तोंड उघडलं. पण तो घाईत नव्हता. सकाळी धावत आलेला माणूस आता पाय ओढत येत होता. शर्टाचा खिसा फाटून लोंबत होता, ओठ सुजला होता. तो तिच्यासमोर उभा राहिला नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला आणि समोरच्या रुळांकडे बघत राहिला. चोर असा बसत नाही, एवढं मावशीलाही कळत होतं.

तेव्हा तिनं पहिल्यांदा त्याची बटणं पाहिली.

वरून दुसरं बटण बाकीच्यांहून वेगळ्या रंगाचं होतं. नंतर लावलेलं. ज्यानं कोणी लावलं होतं त्यानं ते कापडाला दाबून घट्ट शिवलं नव्हतं; किंचित उचलून, खाली दोऱ्याचे वेढे देऊन त्याला मान केली होती, आणि गाठ आत लपवली होती. बाजारात असं कोणी करत नाही. कोणाला वेळ असतो? मावशी करायची, आणि तिनं ते एकाच माणसाला शिकवलं होतं.

"हे बटण..." मावशीचा आवाज तिचाच तिला ओळखू येईना. "हे कोणी लावलं?"

त्यानं मान खाली घालून बटणाकडे पाहिलं, जणू ते तिथं आहे हे त्याला आत्ताच कळलं.

"तिनंच," तो म्हणाला.

"कशी आहे ती?"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मावशीला वाटलं होतं की असं काही कळलं की माणूस किंचाळतं. तिनं डबा बॅगेत नीट सरळ ठेवला, चेन लावली आणि त्याच्या मागं चालायला लागली. बॅग त्यानंच घेतली होती. कधी घेतली हे तिला समजलंही नाही.

दवाखान्यात मावशीनं मुलीच्या कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता. थंडगार होतं कपाळ. किती वेळ ती तशी उभी होती कोण जाणे. शेवटी नर्सनं तिचा हात हळूच उचलून बाजूला घेतला. वजन किती उतरलं होतं पोरीचं. केस कोणीतरी विंचरून दोन वेण्या घातल्या होत्या, न ओढता, सैलसर. बाईच्या हाताच्या नव्हत्या त्या वेण्या.

खाली टेबलामागच्या माणसानं विचारलं, "नातेवाईक कोण? सही लागेल. नवरा आहे?" तो मागं दाराशी उभा होता, पाहुण्यासारखा. कागदावर ते नातं कुठंच नव्हतं. दोघांनी ठरवलं होतं की आधी आईला सांगायचं, मग सगळं रीतसर करायचं. आणि आईला सांगायचं ते तिनंच, समोर बसून. तिनं त्याला बजावलं होतं, स्टेशनवर काही बोलू नकोस, मला सांगू दे. म्हणून तो ओळखीचा झाला होता. हे सगळं त्यानं रिक्षात तुटक तुटक सांगितलं होतं.

"हा माझा जावई," मावशी म्हणाली. "पुढं ये रे. सही कर."

त्यानं सही केली. टेबलामागच्या माणसानं काही विचारलं नाही. त्याला काय, एक सही हवी होती.

सगळं उरकल्यावर तो तिला खोलीवर घेऊन गेला. खोली खरंच लहान होती. दोन माणसं उभी राहिली की भरली. दोरीवर तिचे कपडे आणि त्याचे कपडे, फळीवर दोन ताटं, दोन पेले. पण एका कोपऱ्यात नवी कोरी गादी गुंडाळून ठेवली होती, अजून प्लास्टिकही काढलं नव्हतं. मावशीसाठी घेतली होती ती. कुठं घालणार होते कोण जाणे.

त्यानं चहा केला. दोघांनीही घेतला नाही. बाहेर कोणीतरी नळावर भांडी घासत होतं, शहर आपलं चालू होतं.

"मला बोल काहीतरी," मावशी म्हणाली. "शिव्या दे. माझ्यामुळे झालं."

"तुमच्यामुळे नाही. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं दोन्हीकडून गेली होती. तसंही..." तो थांबला. "सकाळी निघताना मी तिला म्हटलं, जाऊन आणतो आईला. तर हसली. म्हणाली, ती नाही यायची तुझ्याबरोबर. माझी आई आहे ती, पक्की तयार केलीय मी तिला. मी म्हटलं, बघ आणतो की नाही."

"हसली?"

"हसली."

मावशीनं ते हसू डोळ्यांपुढं आणून पाहिलं. ते तिला दिसलं, आणि दिसलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. तिनं मनाशी ताडून बघितलं. त्यानं स्टेशनवर सरळ सांगितलं असतं, मी तुमचा जावई, तर आपण मानलं असतं का? नसतं मानलं. जास्तच जोरात ओरडलो असतो. कुठून बघितलं तरी तोच बाक, तीच बाई, मिटलेले डोळे.

मग तिनं ते विचारलं जे ती रिक्षापासून टाळत आली होती.

"शेवटी तिच्याजवळ कोण होतं?"

त्यानं गार झालेल्या चहाचा पेला बाजूला सरकवला.

"नर्स होती म्हणे. येऊन जाऊन. मला सोडलं तेव्हा दुपार झाली होती, धावत दवाखान्यात पोचलो तोवर संपलं होतं. साहेब आल्याशिवाय सोडता येत नाही म्हणाले. मी त्यांच्या पाया पडलो. फोन काढून घेतला होता." आणि मग, इतका वेळ समजुतीनं बोलणारा तो पोरगा एकदम फुटला. आवाज चढवून नाही, उलट अगदी खाली आणून. "तुम्ही माझ्याबरोबर आला नाहीत, ते ठीक. नव्हतं यायचं, नसता आलात. पण मला कशाला धरून दिलंत? मी गेलो असतो ना परत. मी तरी असतो तिथं. तिला अंधारात झोपायचीसुद्धा भीती वाटायची. तुम्हाला माहीत आहे ना?"

मावशीला माहीत होतं. तिच्याशिवाय आणखी कोणाला ते माहीत असेल असं तिला आजवर वाटलं नव्हतं. तिला म्हणायचं होतं, मी तिचंच ऐकलं रे, तिनं शिकवलं तेच केलं. पण ते बोलून काय होणार होतं? शिकवणारी लेक गेली होती, आणि ज्याला जवळ बसायचा हक्क होता त्याला आपण स्वतःच्या तोंडानं चोर ठरवून आलो होतो. या प्रश्नाचं उत्तर तिला कोणी घोकवलं नव्हतं.

ती सरकत सरकत त्याच्याजवळ गेली. फाटून लोंबणारा खिसा तिच्या हाताशी आला, तो तिनं उगाच सारखा केला, पण तो पुन्हा लोंबला. मग तिनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला. सोड्यानं पांढरी पडलेली ती बोटं गार होती. त्यानं तिचा हात धरला नाही. पण बाजूलाही केला नाही. आणि मावशी तशीच बसून राहिली, तो उठायला सांगेपर्यंत बसायचं असं मनाशी ठरवून.